भिंगरी आणि पाकोळी



गेल्या वर्षीं मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. मधली सुटी होती. आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीच्या कमानीखालीं कांहीं मुलें घोळका करून उभीं होतीं. जवळ जाऊन पाहतों तों एका मुलाच्या ओंजळींत एक लहानसें काळें पाखरूं पंख पसरून पडलेलें! "सर, भिंगरी खालीं पडली. तिचे पाय मोडले आहेत," असें त्यानें सांगितलें. आम्हींही त्या पाखराकडे एकवार पाहिलें आणि "होय, भिंगरीच ती," असें म्हणून मोकळे झालों.

पुढें मुलांनीं जें केलें तें सर्व दयाबुद्धीनें केलें. पाखराला पेरूच्या फांदीवर बसविलें. तें खालीं पडलें. पुन्हां बसविलें, पुन्हां पडलें. तेव्हां पाय मोडल्याची सर्वांची खात्रीच झाली. कापूस घातलेल्या टोपलींत त्याला ठेवलें आणि पुढें तांदळाच्या कण्या व वाटीभर पाणी ठेवलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं टोपली उघडली तों पाखरूं मरून पडलें होतें. कणी एकही कमी झाली नव्हती.

त्याचे पाय मोडलेले नव्हते, आणि तें पाखरूं भिंगरीही नव्हतें. ती पाकोळी होती. फांदीवर बसणें हें पाकोळीच्या जातीला जन्मतःच ठाऊक नाहीं, आणि धान्याचा कण ती कधींच खात नाहीं. हें आम्हांस त्या दिवशीं आठवलें असतें तर तें पाखरूं कदाचित् वांचलें असतें. चूक मुलांची नव्हती. ज्यानें पाहून सांगावयाचें त्यानें नीट पाहिलें नाहीं, म्हणजे आमचीच होती. ती चूक पुन्हां कोणाच्या हातून होऊं नये म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. आपल्याकडे 'पाकोळी' हें नांव फार सैल रीतीनें वापरतात. कोणी भिंगरीलाच पाकोळी म्हणतात, कोणी पाकोळीला भिंगरी म्हणतात, तर कोठें कोठें लहान वटवाघळालाही पाकोळी म्हणण्याचा प्रघात आहे. 'पायाला भिंगरी लागली' असें आपण सतत फिरणाऱ्या माणसाविषयीं म्हणतों. ती भिंगरी म्हणजे मुलांचें फिरकीचें खेळणें. या लेखापुरतें आपण असें ठरवूं: पुलाखालीं चिखलाचें घरटें बांधणारी व तारेवर बसणारी ती भिंगरी, आणि जुन्या कमानींत पिसांचें घरटें करणारी व तारेवर कधींही न बसणारी ती पाकोळी.

भिंगरीच्याही अनेक जाती आहेत. त्यांपैकीं तुलनेसाठीं तारवाली भिंगरी घेऊं. कारण ती आपल्या ओढ्यानाल्यांवर बाराही महिने आढळते. ती चिमणीएवढी असते. पाठ चकचकीत निळी, डोकें तांबूस आणि पोट शुभ्र पांढरें. शेपटींतून दोन पिसें तारेसारखीं बारीक व लांब बाहेर निघालेलीं असतात, त्यांवरूनच तिला हें नांव पडलें. पाण्याच्या अगदीं जवळून ती भरारत जाते, मध्येंच वळसा घेते, आणि दमली म्हणजे विजेच्या तारेवर येऊन बसते.

पाकोळी चिमणीहून किंचित् लहान. सर्व अंग काजळासारखें काळें; फक्त गळा व कंबर पांढरी. शेपटी आंखूड व टोंकाशीं सरळ कापल्यासारखी. पंख मात्र लांब, अरुंद आणि विळ्यासारखे वांकलेले. ती सहसा उंच आकाशांत असते. संध्याकाळीं पांचपन्नास पाकोळ्यांचा थवा चिरक्या आवाजांत ओरडत इमारतीभोंवतीं घिरट्या घालतांना तुम्हीं पुष्कळ वेळां पाहिला असेल. जुने किल्ले, मशिदी, देवळें, घुमट, पुलांच्या कमानी, कोठेंही उंच व निवांत जागा मिळाली कीं तेथें त्यांची वसाहत होते.

आतां दोघींत साम्य किती आहे तें पाहा. दोघीही उडतां उडतां हवेंतील बारीक किडे, माशा व चिलटें पकडतात. दोघींची चोच इवलीशी, पण तोंड रुंद उघडणारें, म्हणजे हवेंत धरलेलें जणूं जाळेंच. दोघींचे पंख लांब व टोंकदार. दोघीही उडतां उडतांच पाण्याच्या पृष्ठभागाला चोच लावून पाणी पितात. इतकें साम्य पाहून मोठमोठे पंडितही चकले. स्वीडन देशांतील प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनीयस यानें १७५८ मध्यें प्राण्यांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तींत त्यानें युरोपांतील पाकोळीला भिंगरीच्याच गणांत घातलें होतें. पुढें १७७७ मध्यें स्कोपोली नांवाच्या शास्त्रज्ञानें पाकोळ्यांचा गण वेगळा केला. त्या गणाचें नांव 'एपस'. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'पाय नसलेला' असा आहे. तेव्हां आमच्या मुलांना ज्या पायांनीं फसविलें, त्याच पायांवरून पाकोळीला शास्त्रांतलें नांव मिळालें आहे.

त्या पायांपासूनच भेद पाहण्यास आरंभ करूं. भिंगरीच्या पायाला चिमणीप्रमाणें तीन बोटें पुढें व एक मागें असतें. फांदी किंवा तार या चार बोटांच्या चिमट्यांत घट्ट धरतां येते. पाकोळीचे पाय फारच आंखूड. इतके कीं उडतांना ते पिसांत लपून जातात. तिचीं चारही बोटें पुढच्या बाजूस वळूं शकतात व त्यांवर अणकुचीदार नखें असतात. भिंतीच्या खरखरीत पृष्ठभागाला आंकड्यासारखें लटकून राहण्यास असे पाय उत्तम. पण फांदीला विळखा घालण्यास मागचें बोट हवें, तेंच तिच्याजवळ नाहीं. आमच्या पेरूच्या फांदीवरून पाखरूं वारंवार कां पडलें, त्याचें उत्तर हेंच. सपाट जमिनीवर पडलेल्या पाकोळीला पुन्हां उडणें फार जड जातें. कारण उडी मारून उठण्यापुरते पाय नाहींत, आणि लांब पंख जमिनीला आपटतात.

दुसरा भेद पंखांत आहे, पण तो पिसांच्या आड दडलेला आहे. आपल्या हाताचे दंड, पुढचा हात आणि पंजा असे तीन भाग आहेत. पक्ष्याच्या पंखांतही तेच तीन भाग असतात. पाकोळीच्या पंखांत दंडाचें हाड अतिशय आंखूड व जाड असतें आणि पंजाचा भाग फार लांब असतो. म्हणजे तिचा जवळजवळ सर्व पंख हा पंजाचाच असतो म्हटलें तरी चालेल. म्हणूनच उडतांना तिचा पंख ताठ दिसतो. भिंगरीचा पंख मात्र चिमणीच्या पंखाच्याच घडणीचा, फक्त अधिक लांब झालेला. शेपटीचीं पिसें मोजलीं तर भिंगरीचीं बारा भरतात, पाकोळीचीं दहा.

तिसरा भेद घरट्यांत. तारवाली भिंगरी ओढ्याच्या कांठचा ओला चिखल चोचींत घेऊन त्याच्या लहान लहान गोळ्या एकावर एक लावते आणि पुलाच्या किंवा मोरीच्या आंतल्या बाजूस अर्ध्या वाटीसारखें घरटें बांधते. आंतून मऊ पिसांचें अस्तर घालते. प्रत्येक जोडप्याचें घरटें बहुधा वेगळें व एकटें असतें. तिचीं अंडीं पांढुरकीं असून त्यांवर तांबूस ठिपके असतात. पाकोळीला चिखल आणण्यासाठीं जमिनीवर उतरणेंच परवडत नाहीं. मग ती काय करते? वाऱ्याबरोबर उडणारीं पिसें, गवताच्या काड्या, कापसाचे तंतू उडतां उडतां पकडते आणि आपल्या लाळेनें तीं एकमेकांस व छताला चिकटविते. विणीच्या दिवसांत पाकोळ्यांच्या लाळेच्या ग्रंथी वाढतात. घरट्यांचा एकमेकांस लागून मोठा गचका होतो, आणि वीण संपल्यावरही रात्रीं झोंपण्यास पाकोळ्या तेथेंच येतात. अंडीं पांढरीं शुभ्र, ठिपक्यांवांचून.

लाळेचा हा गुण पाकोळीच्या गोतावळ्यांतील पुष्कळ जातींत दिसतो. ताडाच्या झाडावर राहणारी ताड-पाकोळी लोंबत्या पानाला आपलें लहानसें घरटें लाळेनेंच चिकटविते. आपल्या कोंकणांत वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रांत जीं खडकाळ बेटें आहेत, तेथील गुहेंत याच कुळांतील एक लहान पक्षी वसाहत करून राहतो. गुहेच्या अंधारांत टिकटिक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून तो वाट ओळखतो. त्याच्या पूर्वेकडील भाऊबंदांचीं निव्वळ लाळेचीं घरटीं चीन देशांत सार करण्यासाठीं मोठ्या किंमतीस विकलीं जातात.

चौथा भेद कंठांत. भिंगरी गाते. तिचें गाणें कोकिळेसारखें दूरवर जाणारें नाहीं, परंतु तारेवर बसून ती जें गोड किलबिलते त्याला गाणेंच म्हटलें पाहिजे. ज्या पक्ष्यांच्या स्वरयंत्रांत गाण्यासाठीं नाजूक स्नायूंच्या अनेक जोड्या असतात, अशा गायक पक्ष्यांच्या मोठ्या वर्गांतली ती आहे. पाकोळीला हें साधन नाहीं. ती केवळ चिरकते.

मग या दोघींचीं खरीं नातीं कोणाशीं? भिंगरी ही चिमणी, बुलबुल, कावळा, दयाळ यांच्या महासंघांतली. जगांत पक्ष्यांच्या सुमारें अकरा हजार जाती आहेत. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक याच संघांत मोडतात. पाकोळीचे कांहीं निकटचे आप्त मात्र आपल्या देशांत नाहींतच. ते दूर अमेरिका खंडांत, फुलापुढें हवेंत स्थिर राहून मध पिणारे चिमुकले पक्षी होत. त्यांना इंग्रजींत हमिंगबर्ड म्हणतात. रंगानें, रूपानें, खाण्यानें तो पक्षी पाकोळीहून अगदीं वेगळा. पण त्याच्याही पंखांत दंडाचें हाड तसेंच आंखूड, पंजा तसाच लांब, आणि पाय तसेच दुबळे. पूर्वी हाडांवरून जो तर्क केला होता तो पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व त्यानंतर झालेल्या डीएनएच्या परीक्षेनें पक्का झाला. रात्रीं फिरणारा आपला रातवा हाही पाकोळीचा दूरचा आप्त ठरला आहे.

येथें आणखी एक मौज आहे. आपल्या बागेंत जास्वंदीच्या फुलांवर येणारा शिंजीर पाहून कोणी प्रवासी त्याला हमिंगबर्ड म्हणून बसतात. पण शिंजीर हा चिमणीच्या संघांतला, म्हणजे भिंगरीच्या बाजूचा. तेव्हां हिशेब असा झाला: दिसावयास भिंगरी व पाकोळी जुळ्या, शिंजीर व हमिंगबर्ड जुळे, परंतु नात्यानें भिंगरीच्या बाजूला शिंजीर, आणि पाकोळीच्या बाजूला हमिंगबर्ड! भिंगरी व पाकोळी यांचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे झाले त्यास सहा कोटि वर्षांहून अधिक काळ लोटला असावा, असें शास्त्रज्ञ मानतात.

तर मग हें साम्य आलें कोठून? आमच्या मतें तें एका दृष्टांतानें समजेल. कोंकणच्या खाडींत होडी वल्हविणारा एक नावाडी आणि गोदावरीच्या पात्रांत होडी वल्हविणारा दुसरा नावाडी घ्या. दोघांच्या तळहातांना सारखेच घट्टे पडलेले, दोघांचे दंड सारखेच भरलेले. म्हणून ते एका आईचे लेंकरूं ठरत नाहींत. ते एका धंद्याचे ठरतात. घट्टे एका माणसाच्या आयुष्यांत पडतात व त्याच्याबरोबरच जातात. पक्ष्यांत मात्र ही घडण पिढ्यान् पिढ्या, लक्षावधि वर्षें, निवडीनें होत आली आहे. हवेंतला किडा उडतां उडतां धरावयाचा, तर लांब पंख आणि रुंद तोंड हवेंच. ज्यांच्याजवळ तें थोडें अधिक होतें तीं पिलें जगलीं, वाढलीं. दोन वेगळ्या कुळांनीं एकच धंदा धरला, आणि धंद्यानें त्यांना एकाच सांच्यांत ओतलें. देवमासा व मासा यांचें साम्यही असेंच. देवमासा हा आपल्यासारखा पिलांना दूध पाजणारा प्राणी. पाण्यांत पोहण्याच्या धंद्यानें त्याला माशाचें रूप दिलें.

म्हणून नातें शोधावयाचें असेल तर धंद्याला लागणाऱ्या अवयवांकडे पाहून भागत नाहीं. धंद्याशीं ज्यांचा थोडका संबंध, अशा खुणा पाहाव्या लागतात. चार्ल्स डार्विन यानें १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत हाच नियम सांगितला आहे. शेपटींत पिसें बारा असोत कीं दहा असोत, माशी पकडण्यांत त्यानें कांहीं अडत नाहीं. आणि म्हणूनच तीं दहा कीं बारा हें कुळाची साक्ष देतें. साम्य आपणांस धंदा सांगतें. बारीकसारीक भेद आपणांस घराणें सांगतात. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत, पण कोणती कशाची साक्ष आहे हें ओळखतां आलें पाहिजे.

ही नुसती पुस्तकी विद्या नव्हे, हें पुढच्या हकीकतीवरून दिसेल. त्याच वर्षीं श्रावणांत कमानीखालीं पुन्हां एक पाखरूं पडलें. या खेपेस मुलांनीं प्रथम त्याचे पाय पाहिले, चारही बोटें पुढें वळलेलीं पाहिलीं, आणि आम्हांस विचारण्यापूर्वींच "सर, ही पाकोळी आहे," असें सांगितलें. पंख मोडलेला नाहीं, रक्त नाहीं, पिसें पुरीं वाढलेलीं आहेत, एवढें पाहून एका मुलानें तिला उघड्या तळहातावर घेतलें आणि मैदानाच्या मधोमध उभा राहून हात उंच धरला. त्यानें तिला फेंकलें नाहीं. तसें करणें धोक्याचें असतें. क्षणभर ती थरथरली, मग हाताच्या कांठावरून खालीं झुकली, गवताला लागते न लागते तोंच सावरली, आणि पाहतां पाहतां छपरावरून निघून गेली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. आम्हांस मात्र मृगांतली ती टोपली आठवली.

पाकोळीला आकाशाचें माहेर किती प्रिय आहे याची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगतों. स्वीडनमधील लुंड येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं युरोपांतील पाकोळ्यांच्या पाठीवर अतिशय हलकीं यंत्रें बसवून त्यांच्या उड्डाणाची नोंद घेतली व ती २०१६ मध्यें प्रसिद्ध केली. त्या पाकोळ्या विणीचा काळ सोडून वर्षाचे सुमारें दहा महिने आफ्रिकेपर्यंत जाऊन येतात; आणि त्यांतल्या कांहीं तर या दहा महिन्यांत एकदांही खालीं बसल्या नाहींत! सुमारें चार तोळ्यांहूनही कमी वजनाचा तो जीव खाणें, पिणें, झोंप सर्व कांहीं हवेंतच उरकतो. अशा पाखराला आपण फांदीवर बसविण्याचा आग्रह धरला होता.

पालक मंडळींस येथें एक विनंति करावयाची आहे. घराला किंवा वाड्याला सफेती करावयाची वेळ आली कीं परांची बांधून प्रथम पाकोळ्यांचीं घरटीं बांबूनें पाडण्याची रीत आहे. खालीं घाण पडते, हें खरें. पण एक पाकोळी दिवसभरांत आपल्या पिलांसाठीं चिलटांचे गोळेच्या गोळे आणीत असते, हाही हिशेब ध्यानांत घ्यावा. घरट्यांखालीं एखादी फळी ठोकली तर घाणीचा प्रश्न सहज सुटतो. आणि सफेती करावयाचीच असेल तर पिलें उडून गेल्यावर, थंडीच्या दिवसांत करावी. आमच्या शाळेनें कमानीचें काम असेंच पुढें ढकललें, याचा आम्हांस संतोष वाटतो.

मुलांनो, या सुटींत एक काम करा. एक वही घ्या. तुमच्या गांवच्या पुलाखालीं व जुन्या इमारतीखालीं जाऊन उभे राहा. काळें, चपळ, हवेंत किडे टिपणारें पाखरूं दिसलें तर नांव लिहिण्याची घाई करूं नका. तें तारेवर बसतें कीं नाहीं? घरटें चिखलाचें कीं पिसांचें? पंख दर वेळीं मिटतो कीं विळ्यासारखा ताठ राहतो? गातें कीं चिरकतें? एवढ्या चार प्रश्नांचीं उत्तरें आधीं लिहा, आणि मग नांव. आम्हीं नांव आधीं सांगितलें आणि पाहिलें मागून. त्याचें मोल एका पाखरानें दिलें.